बाटली उघडण्याआधी: ऑटिझम असलेल्या मुलांची 'मायटो' सप्लिमेंट कशी निवडावी, कशी मोजावी, कधी थांबवावी

परळला आमचं औषधांचं दुकान आहे. केईएम आणि वाडिया चालत जाण्याच्या अंतरावर, टाटा कॅन्सर हॉस्पिटलही लांब नाही. त्यामुळे पार विरार-कर्जतहून आलेल्या चिठ्ठ्या आमच्या काउंटरवर येतात. गेल्या काही वर्षांत एका प्रकारची चिठ्ठी वारंवार दिसायला लागली आहे. पेशंट चार-सहा वर्षांचा, निदान ऑटिझम, आणि खाली रांगेने कोएन्झाइम क्यू-टेन, एल-कार्निटीन, रायबोफ्लेविन, अल्फा लिपोइक ॲसिड, फोलिनिक ॲसिड, मेथिल बी-१२, झिंक, मॅग्नेशियम. 'मायटो'साठी, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाला आधार म्हणून. सगळं एकदम, आजपासून. चिठ्ठी पुढे करणारी आई किंवा बाबा मनातल्या मनात हिशेब करत विचारतात, "ताई, यातलं खरंच गरजेचं कुठलं हो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला, आमच्या सोनूला, ऑटिझम आहे. त्याच्यासाठी हाच प्रश्न मी डॉक्टरांसमोर बसून विचारला आहे. त्यामुळे फार्मासिस्ट म्हणून रोज जे हाताळते आणि मावशी म्हणून जे बघते आहे, ते दोन्ही इथे सांगते. औषध द्यायचं की नाही आणि किती, हे तुमच्या मुलाचे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांना काय विचारायचं, दुकानात काय बघून घ्यायचं आणि घरी काय लिहून ठेवायचं, हे पालकांकडेच असतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी तपासणी, मग बाटली, आणि बाटली एका वेळी एकच.

हे तुमच्या मुलाला लागू आहे का?

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी सूक्ष्म यंत्रणा. मेंदू, स्नायू, हृदय, आतडी यांना ऊर्जा जास्त लागते, म्हणून यंत्रणा मंदावली की आधी तिथे जाणवतं. ऑटिझमशी याचा संबंध असावा ही शंका जुनी आहे. ऑटिझम असलेल्या चार मुलांच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड (म्हणजेच लॅक्टेट, ऊर्जा नीट बनली नाही की साठणारं) वाढल्याची नोंद १९८५ मध्येच छापून आली होती. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत दहा मुलांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा बहुतेकांच्या पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता कमी दिसली. अभ्यास लक्षवेधी होता, पण मुलं फक्त दहा. त्यानंतर बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. त्यात ऑटिझम असलेल्या शंभरातल्या साधारण पाच मुलांना खराखुरा मायटोकाँड्रियल आजार असल्याचा अंदाज निघाला. एरवी हे प्रमाण दहा हजारांत एक इतकं कमी धरतात, म्हणजे पाच टक्के हा आकडा मोठाच. त्याच आढाव्यात जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या मुलांत लॅक्टेट वाढलेलं सापडलं, पण नुसतं लॅक्टेट वाढलं म्हणजे आजार झाला असं होत नाही.

हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतात. "असलं काही नसतंच" म्हणून कुणी उडवून लावलं तर ते चूक आहे. आणि "प्रत्येक ऑटिझम म्हणजे मायटोच" असं सांगून कुणी सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर तेही चूकच. बहुसंख्य मुलांना या बाटल्यांची गरज नसते.

मग शंका कधी घ्यायची? मूल खेळता खेळता लवकर दमतं, जिना चढताना मध्येच बसकण मारतं. अंग सैल वाटतं, मान-पाठ धरायला उशीर झाला होता. झटके येतात. वजन-उंची वाढत नाही. उलट्या, बद्धकोष्ठता, जुलाब सतत चालू. पापण्या पडलेल्या दिसतात किंवा कमी ऐकू येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप किंवा जुलाब-उलटीच्या आजारानंतर मुलाचं आलेलं बोलणं किंवा चालणं मागे गेलं, तेही एकदा सोडून पुन्हा पुन्हा. ऑटिझमच्या जोडीला असे दोन-तीन अवयवांचे त्रास असतील, तर डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे, स्पष्ट शब्दांत विचारा: "मायटोकाँड्रियल तपासणीची गरज वाटते का? मेटाबॉलिक किंवा जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे पाठवाल का?" मागच्या आजारपणांच्या तारखा आणि त्यानंतर मुलाचं काय काय गेलं, हे कागदावर लिहून न्या. ओपीडीत घाईत आठवत नाही.

इथे एक बाजूचं, पण सांगायलाच हवं असं. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडूनच येतो, हे कुठेतरी वाचून घरात आईकडे बोट दाखवलं जातं. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या आयांच्या डोळ्यांत मी ते पाहिलं आहे. त्या डीएनएमध्ये फक्त ३७ जनुकं आहेत. मायटोकाँड्रिया चालवणारी हजाराच्या वर प्रथिनं बाकीच्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असतात. लहानपणी दिसणारे मायटोकाँड्रियल आजार बहुतेक वेळा त्या दुसऱ्या प्रकारातलेच असतात. आणि कुठूनही येवो, त्यात दोष कुणाचाच नाही. आजी-आजोबांना हे शांतपणे समजावून सांगा.

तपासणी, आणि ती नीट कशी करून घ्यायची

डॉक्टर सहसा रक्तातलं लॅक्टेट, सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारं), ॲमिनो ॲसिड, एकूण आणि मोकळं कार्निटीन, ॲसिलकार्निटीन म्हणजे लॅबच्या भाषेत टीएमएस, आणि लघवीची जीसीएमएस (त्यातली ॲसिडं मोजणारी) तपासणी लिहून देतात. संशय पक्का असेल तर जनुकीय तपासणी. तेव्हा मायटोकाँड्रियाचा डीएनएही त्यात धरला आहे का, हे विचारून घ्या. सरसकट सगळ्या पॅकेजमध्ये तो असतोच असं नाही.

यातलं लॅक्टेट सर्वांत फसवं. दंडाला पट्टा घट्ट बांधला, मूल किंचाळलं, दोघांनी हातपाय दाबून धरले, की स्नायूंतून लॅक्टेट सुटतं आणि रिपोर्ट खोटा वाढलेला येतो. ऑटिझम असलेलं मूल सुईला घाबरून आकांत करतं हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे ही एक तपासणी तरी घरी येणाऱ्या कलेक्शनवाल्याकडून करून घेऊ नका. घेतलेला नमुना बर्फात ठेवून लगेच मशीनपर्यंत जायला हवा. स्कूटरच्या बॅगेत तीन सोसायट्या फिरून गेलेल्या नमुन्याचा आकडा विश्वासाचा नाही. ज्या हॉस्पिटलची लॅब तिथेच आहे तिथे जा, आदल्या दिवशी फोन करून विचारा, सुन्न करणारं क्रीम आधी लावून घ्या, मुलाचा आवडता व्हिडिओ चालू ठेवा आणि टेक्निशियनला विनंती करा की पट्टा कमीत कमी वेळ बांधा. नळी करड्या टोपणाची, म्हणजे फ्लोराइडची, असते. सोनूचं रक्त घेताना बहीण त्याला मांडीवर घेऊन बसली, मी पुढ्यात ट्रेनच्या अनाउन्समेंट लावल्या. "पुढील स्टेशन कुर्ला" ऐकत त्याने हात दिला.

रिपोर्ट हातात आल्यावर एकक बघा. लॅक्टेट काही लॅब मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये. पहिल्याचा आकडा साधारण नऊने गुणला की दुसरा येतो. २ आणि १८ हे एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "नऊ पट वाढलं!" म्हणून हादरलेले बाबा माझ्यासमोर उभे राहिले आहेत.

कार्निटीनचं रक्त सप्लिमेंट सुरू करण्याआधीच द्या. बाटली सुरू झाली की मुळात कमी होतं का, हे कळायचा मार्ग बंद होतो. केसांसाठी वगैरे बायोटिन चालू असेल तर तेही लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडसारख्या तपासण्या चुकीच्या येतात. मात्र झटक्यांचं औषध तपासणीसाठी म्हणून स्वतःहून एकही वेळ चुकवायचं नाही.

आणि हे सगळं महागडं करण्याआधी साध्या गोष्टी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व. आपली बरीच मुलं फक्त वरणभात, फक्त एकाच कंपनीचं बिस्कीट, फक्त पांढरं असं खातात. अशा मुलांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याचीही वैद्यकीय नोंद आहे, हिरड्यांतून रक्त आणि पाय टाकायला नकार अशी. फेरिटिन खाली असेल तर मूल दमतं, झोप बिघडते, चिडचिड होते, आणि घरचे ते "मायटो" समजून बसतात. यातली कमतरता सापडली तर आधी तीच भरून काढा. स्वस्तात होतं आणि फरक खरा असतो.

चिठ्ठीतलं एकेक नाव

कार्निटीन हा गोदीतला हमाल समजा. चरबीचं पोतं उचलून मायटोकाँड्रियाच्या दारातून आत नेऊन टाकणं हे त्याचं काम. रक्तात ते कमी असेल तर देणं योग्यच आहे, आणि परदेशातल्या मायटोकाँड्रियल तज्ज्ञांचा सल्लाही असाच आहे की कमतरता असेल तर द्या आणि पातळी तपासत राहा. ऑटिझमवर ज्या चाचण्या झाल्या त्या लहान होत्या. एकीत ३० मुलांपैकी काहींना तीन महिने दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम, दुसरीत ३० मुलांपैकी काहींना सहा महिने किलोमागे १०० मिलिग्रॅम, बाकीच्यांना नकली औषध. दोन्हींत काही सुधारणा दिसली. पण एवढ्यावरून सगळ्या मुलांना द्यावं असं म्हणता येत नाही. त्रास म्हणजे मळमळ, जुलाब आणि अंगाला-घामाला माशासारखा वास. हा वास कोळीवाड्यात राहणाऱ्यालाही वेगळा कळतो आणि शाळेत मुलाला दूर बसवायला कारण होतो. डोस कमी करून तो जाऊ शकतो, म्हणून लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

सोनूचं मोकळं कार्निटीन कमी निघालं होतं. भांडुप स्टेशनच्या पुलावर तो अर्ध्यात बसायचा, उचलून न्यावं लागायचं. औषधानंतर पूल तो स्वतः चढायला लागला, दुपारची लांब झोप कमी झाली. बोलणं त्याने आलं नाही. बोलणं आलं ते स्पीच थेरपिस्टच्या आणि बहिणीच्या चिकाटीने. दोन्ही गोष्टी सांगणं माझं काम आहे.

फोलिनिक ॲसिडवर जरा थांबते, कारण सध्या सर्वांत जास्त गोंधळ याचाच आहे. काही मुलांत फोलेट रक्तात पुरेसं असतं, पण मेंदूत पोचत नाही, कारण आत नेणाऱ्या रिसेप्टरला अँटिबॉडी अडवून धरतात. फोलिनिक ॲसिड दुसऱ्या वाटेने आत जाऊ शकतं. ४८ मुलांवर बारा आठवड्यांची एक चाचणी झाली, तिच्यात बोलण्यात सुधारणा दिसली, आणि ज्यांच्यात त्या अँटिबॉडी होत्या त्यांच्यात जास्त. अमेरिकी सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये या औषधाचं नाव ऑटिझमच्या संदर्भात जाहीरपणे घेतलं आणि इथे परळमध्येही लोक व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवून मागायला लागले. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, आणि कुणी देत असेल तर घेऊ नका.

कारण ऐका. फोलिक ॲसिड आणि फोलिनिक ॲसिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदरपणात देतात ती पाच मिलिग्रॅमची पिवळी गोळी म्हणजे फोलिक, ती याच्या जागी चालत नाही. फोलिनिकचं औषधी नाव ल्युकोव्होरिन. कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट या औषधानंतर ते देतात, म्हणून टाटाच्या आसपासच्या दुकानांत ते हमखास मिळतं. तिथे गेलेले पालक आजूबाजूच्या पेशंटांकडे बघून हबकतात. घाबरू नका, ते स्वतः केमोथेरपी नाही. पण त्याच कपाटात ल्युकेरान नावाचं औषध असू शकतं, आणि ते मात्र खरोखर कॅन्सरचं आहे. या दोन नावांची अदलाबदल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. तिसरं लेव्होल्युकोव्होरिन, त्याचा डोस ल्युकोव्होरिनच्या निम्मा. तेव्हा पाकिटावरचं संपूर्ण नाव अक्षर न अक्षर चिठ्ठीशी जुळवा आणि फार्मासिस्टला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मूल फिनोबार्बिटोन किंवा फेनिटोइनवर असेल तर फोलिनिकने त्या औषधांचा जोर कमी होऊन झटके वाढू शकतात. आणि सुरुवातीला काही मुलं जास्त चंचल, चिडकी होतात, झोप उडते.

कोएन्झाइम क्यू-टेन दोन रूपांत येतं, युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल. दुसरं जास्त चांगलं शोषलं जातं आणि त्याचा डोस बराच कमी असतो, म्हणून चिठ्ठीत कुठलं लिहिलंय ते बघा, एकाच्या जागी दुसरं तेवढ्याच मिलिग्रॅमने घेऊ नका. ते चरबीत विरघळतं. रिकाम्या पोटी पाण्याबरोबर दिलं तर पैसे वाया. तूप घातलेल्या भाताबरोबर द्या. कॅप्सूल गिळता येत नसेल तर काही ब्रँडची टाचणीने टोचून तुपात पिळता येते, पण आधी विचारून घ्या, आणि केशरी डाग युनिफॉर्मवरून जात नाही हे लक्षात ठेवा. झोप उडू शकते, म्हणून सकाळी किंवा दुपारी.

रायबोफ्लेविनने लघवी गडद पिवळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते उजेडाने खराब होतं, पारदर्शक डबीत काढून ठेवू नका. बी-६ जास्त दिवस जास्त प्रमाणात दिलं तर हातापायाच्या नसांना इजा होते, आणि न बोलणारं मूल मुंग्या येतात हे सांगू शकत नाही. दोन-तीन मल्टिव्हिटॅमिनमध्ये मिळून ते किती होतंय याची बेरीज करा. झिंक फार काळ जास्त दिलं की तांबं कमी पडतं. मॅग्नेशियमने शौच पातळ. अल्फा लिपोइक ॲसिड रक्तातली साखर उतरवू शकतं, आणि मुलांनी ते एकदम जास्त गिळून झटके आल्याच्या नोंदी आहेत. लोह तर त्याहून धोक्याचं. हे सगळं कुलपात ठेवा, गमीज तर नक्कीच, कारण मुलाला ती चॉकलेटच वाटतात.

डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते. ती रोज दिली गेली तर कॅल्शियम वाढून मूल दवाखान्यात दाखल होतं. कॅलेंडरवर वार लिहा.

लेबल आणि माप

कार्निटीन दोन तऱ्हांनी विकलं जातं. एक औषध म्हणून, ड्रग लायसन्स असलेलं लेव्होकार्निटीनचं सिरप किंवा गोळी. दुसरं खाद्यपदार्थ म्हणून, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असलेलं, बरेचदा जिमवाल्यांसाठी. मुलासाठी पहिलंच मागा. दुसऱ्यात बहुधा एल-कार्निटीन टार्ट्रेट असतं. त्याच्या १००० मिलिग्रॅममध्ये खरं कार्निटीन सुमारे ६८० मिलिग्रॅमच भरतं, बाकी टार्ट्रेट. वर साखर, रंग, कॅफीन, जे काय असेल ते. पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाचू नका, मागचा बारीक अक्षरांचा तक्ता वाचा, आणि आकडा एका चमच्यामागे दिलाय की शंभर ग्रॅममागे, ते बघा.

आता माप. समजा मूल १८ किलोचं आणि डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला ५० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून असं लिहिलं. १८ गुणिले ५० म्हणजे दिवसाचे ९००, एका वेळचे ४५०. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत ५००, म्हणजे एका मिलीत १००. तर एका वेळी साडेचार मिली. हेच सिरप दुसऱ्या ब्रँडचं घेतलं आणि त्यात प्रमाण वेगळं असलं, की साडेचार मिली हा आकडा चुकीचा ठरतो. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्या. घरातला चमचा किंवा बाटलीचं टोपण मापाला वापरू नका. सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज कुठल्याही केमिस्टकडे मिळते. तिच्यावर साडेचारच्या रेघेला पर्मनंट मार्करने खूण करा म्हणजे आजी, बाबा, मदतीला येणारी मावशी, सगळ्यांच्या हातून सारखंच जाईल. गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा, घशात पिचकारी नको. मूल काही महिन्यांत वाढतं, तेव्हा वजन करून हिशेब पुन्हा करून घ्या.

आपल्या पावसाळ्यात लेव्होकार्निटीनच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून पाघळतात. पट्टीतून आधी काढून डबीत भरू नका. गॅसच्या वरचं फडताळ आणि बाथरूम, दोन्ही जागा वाईट.

एका वेळी एक, आणि वही

मायटोकाँड्रियल तज्ज्ञांचा सल्ला आहे की शक्यतो एका वेळी एकच सप्लिमेंट वाढवावं. आठ बाटल्या एकदम सुरू केल्या आणि मूल रात्रभर जागलं, तर कुठली बंद करणार? चांगला फरक पडला तरी तोच घोळ, मग आयुष्यभर आठही चालू. डॉक्टरांना विचारा: "सर्वांत आधी कुठलं? किती आठवडे बघायचं? काय बदललं तर चालू ठेवायचं?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू करण्याआधीच ठरलेलं हवं.

सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. ठरावीक तीन-चार गोष्टी पुरेत, आणि त्या मोजता येण्यासारख्या: रात्रीची झोप किती वाजल्यापासून किती, किती मजले न बसता चढला, शौच, दुपारी झोपला का. एकाच जागी, एकाच खेळण्याबरोबर दोन मिनिटांचा व्हिडिओ. "आज छान होता" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. शक्य असेल तर शाळेतल्या बाईंना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना औषध सुरू केल्याचं काही दिवस सांगू नका आणि त्यांना काय वाटतं ते विचारा. सिक्रेटिन नावाच्या हार्मोनची एके काळी ऑटिझमवर अशीच हवा झाली होती. १९९९ मध्ये नीट चाचणी झाली तेव्हा औषध मिळालेल्या आणि नुसतं सलाईन मिळालेल्या अशा दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारलेली दिसली. आई-बापाच्या आशेचं वजन किती असतं ते यातून दिसतं. आशा ठेवावीच, पण नोंद तिच्यापासून वेगळी ठेवावी.

ज्या महिन्यात नवी बाटली सुरू कराल त्या महिन्यात शाळा, थेरपी, आहार यांत दुसरा बदल करू नका. आणि बाटलीपायी थेरपीचे सेशन कमी करायची वेळ येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: सेशन ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, त्यात ओपीडी आणि थेरपीचाही काही खर्च बसतो. चिठ्ठी आणि बिलं जपून ठेवा.

शरीरातून धातू काढतो म्हणून चिलेशन कुणी सुचवलं, तर उठून या. अमेरिकेत २००५ मध्ये ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला आहे.

मायटोकाँड्रियल आजार खरंच निघाला किंवा दाट संशय असेल तर

मूल फार वेळ उपाशी राहायला नको. रात्री जेवणाशिवाय झोपलं तर उठवून काहीतरी द्या, लोकलच्या प्रवासात डबा सोबत ठेवा. ताप, उलट्या, खाणंपिणं बंद, असं झालं की "उद्या बघू" करू नका. अशा वेळी लवकर ग्लुकोजचं सलाईन लागू शकतं, आणि लॅक्टेट असलेलं सलाईन शक्यतो टाळतात. डॉक्टरांकडून हे सगळं लेटरहेडवर लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुमच्या मुलाला ओळखणारं कुणी नसतं. लसी चुकवू नका, कारण संसर्गाचा आजार या मुलांना जास्त महागात पडतो. दाताच्या कामासाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आधी कळवा.

झटक्यांसाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर दोन गोष्टी. ते कार्निटीन कमी करतं. आणि पीओएलजी नावाच्या जनुकातल्या दोषाने झालेल्या मायटोकाँड्रियल आजारात ते यकृताला घातक ठरू शकतं, म्हणून तिथे ते देतच नाहीत. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना मायटोची शंका आहे हे माहीत आहे ना, एवढं विचारा. औषध स्वतःहून बंद मात्र करू नका, एकदम थांबवल्याने झटक्यांची रांग लागते.

ठरलेली मुदत संपली की वही आणि व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा. फरक नसेल तर थांबवण्याबद्दल तुम्हीच विचारा, चिठ्ठीतून नाव आपोआप गळत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या कमतरतेचा: तिथे रक्ताची पातळी बघूनच डोस बदलतात. थांबवल्यावरही महिनाभर नोंद चालू ठेवा, कारण फायदा होत होता की नाही हे काही वेळा बाटली बंद केल्यावरच कळतं. उरलेली बाटली दुसऱ्या पालकांना देऊ नका, त्यांच्या मुलाचं वजन वेगळं, रिपोर्ट वेगळा. सील न तोडलेली असेल आणि बिल असेल तर दुकानात विचारून बघा. आमच्याकडे तरी बदलून देतो.